हळदीकुंकू की लालसरी? बदकांचं उडणं आणि पोहणं नीट बघायचं असेल तर कुठली जात धरावी

दिवाळी झाली की हा प्रश्न हमखास येतो. कुणाला कॉलेजचं प्रोजेक्ट करायचं असतं, कुणाला स्केचिंग, कुणी नवीन लेन्स घेतलेली असते, आणि विचारणं साधारण एकच असतं की बदकांचं शरीर उडण्यासाठी आणि पोहण्यासाठी कसं चालतं ते नीट बघायचंय, सगळी बदकं बघत बसायला वेळ नाही, एकच जात धरून पूर्ण सीझन काढायचा तर कुठली धरू? एक जात धरायची ही कल्पना मला फार पटते. यादी वाढवण्याच्या नादात माणूस शंभर पक्षी टिपून येतो आणि एकही बघून येत नाही.

आपल्याकडे या कामासाठी खरी निवड दोन गटांतली आहे. एक गट पाण्याच्या वरवर चरणारा, म्हणजे डोकं खाली शेपूट वर करून खाणारा, आणि दुसरा पूर्ण बुडी मारून तळाशी जाणारा. पहिल्या गटातून मी हळदीकुंकू बदक घेते आणि दुसऱ्यातून छोटी लालसरी. लालसरीच्या जागी शेंडी बदक मिळालं तरी पुढचं जवळजवळ सगळं तसंच लागू पडतं, दोघं एकाच कुळातले.

माझं मत आधीच सांगते, म्हणजे घाईत असणाऱ्यांना इथेच थांबता येईल. पहिल्यांदाच करताय, साधी दुर्बीण आहे आणि गावाजवळ एखादा तलाव आहे, तर डोळे झाकून हळदीकुंकू धरा. पण बदकं ओळखता येतात, टेलिस्कोप आहे किंवा कुणाचा मिळतोय, आणि मोठं खोल पाणी दोन तासांच्या आत आहे, तर लालसरी. कारण पक्ष्याच्या अंगात उडण्याचे आणि पोहण्याचे स्नायू एकमेकांची अडचण कशी करतात हे लालसरीमध्ये जितकं उघड दिसतं तितकं हळदीकुंकूत दिसत नाही. आता असं का ते सविस्तर.

ओळख पटकन उरकते. हळदीकुंकू मोठं, साधारण ५८ ते ६३ सेंटिमीटर लांब, अंगावर खवल्यांसारखी तपकिरी नक्षी, काळी चोच, तिचं टोक पिवळं आणि बुडाशी दोन लाल ठिपके. नर-मादी जवळपास सारखे. वर्षभर इथेच राहतं, हे पुढे फार महत्त्वाचं ठरणार आहे. छोटी लालसरी ४२ ते ४९ सेंटिमीटर, आटोपशीर गोलसर, नराचं डोकं तांबूस, छाती काळी, पाठ राखाडी, मादी एकूण मळकट तपकिरी. ती हिवाळी पाहुणी, उत्तरेकडून हजारो किलोमीटर उडून येते आणि मार्चपर्यंत निघून जाते. २०१५ पासून आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संस्थेच्या यादीत ती असुरक्षित जातींमध्ये आहे, त्यामुळे एकेकाळी जितकी सहज दिसायची तितकी आता दिसेलच असं धरून चालू नका.

आता छातीकडे येऊ. इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो. वरवर चरणारं बदक म्हणजे छातीचं आणि बुडी मारणारं म्हणजे पायांचं, अशी सोपी वाटणी लोकांच्या डोक्यात असते, आणि ती बरोबर नाही. छाती दोघांचीही जबरदस्त असते, असावीच लागते, लालसरी काय चालत येत नाही मध्य आशियातून.

बदकाच्या छातीच्या हाडाला, उरोस्थीला, मधोमध एक उभी धार असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असतं. त्यातला वरचा, मोठा थर म्हणजे पेक्टोरॅलिस. हा आकुंचन पावला की दंडाचं हाड खाली ओढलं जातं आणि पंख खाली मारला जातो, उडताना खरं वजन पेलणारा फटका हाच. चांगल्या उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये हा एकटा स्नायू अंगाच्या वजनाच्या १५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त भरतो. त्याच्या खाली, हाडाला चिकटून, एक लहान स्नायू असतो, सुप्राकोराकॉइडियस, आणि मला विचाराल तर अख्ख्या बदकातली सगळ्यात सुंदर रचना हीच. याचं काम पंख वर उचलायचं. पण हा स्वतः पंखाच्या खाली, छातीत बसलेला, मग वर कसा उचलणार? तर याची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी, खांद्याच्या तीन हाडांमधल्या एका भोकातून वर जाते आणि वळून दंडाच्या हाडाला वरच्या बाजूने जोडली जाते. विहिरीवरच्या रहाटासारखं, दोर खाली ओढायचा आणि बादली वर येते. याचा फायदा असा की उचलणारा आणि मारणारा दोन्ही स्नायू खाली पोटाच्या बाजूला राहतात, वजन खाली राहतं, हवेत पक्षी कलंडत नाही, आणि बदकाच्या बाबतीत पाण्यावरही तो स्थिर बसतो. एकच मांडणी उडायलाही कामी येते आणि तरंगायलाही.

या मांसाचा रंगही बघण्यासारखा आहे. कोंबडीची छाती पांढरट असते कारण कोंबडी दोन-चार फडफडीत दमते, तिच्या छातीत झटक्याचे तंतू असतात. बदकाची छाती गडद लाल. ऑक्सिजन धरून ठेवणारं लाल मायोग्लोबिन भरपूर, रक्ताच्या बारीक केशवाहिन्यांचं दाट जाळं, ऊर्जा तयार करणारे पेशीतले मायटोकॉन्ड्रिया ठासून भरलेले. यातले बहुतेक तंतू वेगाने आकुंचन पावणारे असूनही ऑक्सिजनवर चालणारे असतात, चरबी जाळत तासन् तास फडफड चालू ठेवू शकतात, आणि त्यांच्यात अधूनमधून जाडसर फिकट तंतू असतात जे ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूत साठवलेली साखर, जाळून एकदम जोर देतात पण लवकर थकतात. हे मिश्रण मॅलार्ड या बदकात चांगलं तपासलं गेलंय. मॅलार्ड म्हणजे हळदीकुंकूचा अगदी जवळचा भाऊबंद, उत्तर भारतात हिवाळ्यात येतो, आपल्याकडे क्वचित, पण जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये बदकांवरचं बरंचसं काम त्याच्यावरच झालेलं आहे त्यामुळे या लेखात तो मधेमधे येत राहील.

मग दोघांत फरक कुठे पडतो? पंखाच्या आकारात. लालसरीचे पंख तिच्या वजनाच्या मानाने लहान आणि अरुंद आहेत. म्हणजे पंखाच्या दर चौरस इंचावर ओझं जास्त. हळदीकुंकूचे पंख लांबरुंद, उघडले की या टोकापासून त्या टोकापर्यंत ८३ ते ९५ सेंटिमीटर. लहान पंखाला हवेत उचल मिळवायची तर आधी वेग लागतो आणि फडफड जलद लागते. लालसरीला पंख मोठे का नाहीत याचं उत्तर पाण्याखाली आहे, मोठे पंख मिटून अंगालगत घट्ट बसवणं आणि ते घेऊन खाली जाणं महागात पडतं.

हा फरक प्रत्यक्ष बघायचा असेल तर उडतानाचा पहिला सेकंद बघा. हळदीकुंकू उडायच्या आधी मान ताठ करतं, डोकं एक-दोनदा वर झटकतं, आणि मग पंख पूर्ण उघडून पहिला फटका चक्क पाण्यावर मारतं. पंखांची टोकं पाणी दाबतात, त्याच क्षणी दोन्ही पाय खाली ढकलतात आणि पक्षी जवळजवळ सरळ वर उठतो. फोनवर स्लो मोशनमध्ये घेतलंत तर पहिल्या दोन-तीन फटक्यांत पंख किती मागेपुढे झुकतात, शेपूट कशी पंख्यासारखी पसरते आणि पाय अजून खाली लोंबत असतात हे सगळं दिसेल. हा जो उभा झटका आहे ना, तो छातीच्या स्नायूचा सगळ्यात कठीण प्रसंग. २००१ मध्ये विल्यमसन, डायल आणि बिवेनर यांनी मॅलार्डच्या पेक्टोरॅलिसचं काम नेमकं याच वर चढतानाच्या उड्डाणात मोजलं होतं. गवतात, भातखाचरात, झुडपांनी वेढलेल्या छोट्या डबक्यात राहायचं तर असं सरळ वर उठता आलंच पाहिजे, धावायला जागाच नसते.

लालसरीचं बघा. ती आधी वाऱ्याकडे तोंड करते, मान पुढे ताणते आणि पाण्यावरून धावायला लागते. अक्षरशः धावते. डावा उजवा डावा उजवा, मागे पाण्यावर फटकाऱ्यांची एक रांग उमटत जाते, पंख इतके जलद की नुसती धूसर पट्टी दिसते, बरेच मीटर असं गेल्यावर कुठे ती सुटते आणि मग पाण्याला लागूनच सरळ रेषेत सुसाट जाते. आता इथे विचार करा की या धावेत काम कोण करतंय. छाती करतेच आहे, पण पायसुद्धा करतायत. बुडी मारण्यासाठी कमावलेले मांडी-पोटरीचे स्नायू आणि ते मोठे पडदे असलेले पंजे, तेच इथे तिला वेग देऊन हवेत सोडतात. पंखाने जे कमी पडलं ते पायाने भरून काढलं. म्हणून मी वर म्हटलं की दोन्ही प्रकारचे स्नायू एकमेकांत कसे गुंतलेत ते लालसरीत उघड दिसतं. हळदीकुंकूचं उड्डाण बघून छाती कळते. लालसरीचं उड्डाण बघून तिची बुडीसुद्धा कळते.

पायांबद्दल थोडं खोलात जाते, कारण चित्र काढणाऱ्यांची चूक इथेच होते. बदक चालताना जो सांधा उलटा वाकलेला दिसतो आणि ज्याला आपण गुडघा म्हणतो तो गुडघा नव्हे, तो घोटा. खरा गुडघा पिसांच्या आत, पोटाच्या कडेला लपलेला असतो, मांडीचं हाड आखूड आणि जवळपास आडवं. सगळं मांस वर, मांडीत आणि पोटरीत, अंगाच्या उबेत. खाली पंज्यापर्यंत जातात त्या फक्त कंडरा. म्हणून पंजा बारीक, हलका, आणि थंड पाण्यात तासन् तास राहिला तरी बिघडत नाही, तिथे गारठायला मांसच फारसं नाही.

पोहताना पोटरीचा मोठा स्नायू घोटा सरळ करतो, पंजा मागे ढकलला जातो, पुढच्या तीन बोटांमधला पडदा पसरतो आणि पाणी मागे लोटतो. पुढे आणताना बोटं मिटतात, पडदा दुमडतो, पाण्याला अडथळा कमी. हळदीकुंकू पाण्यावर एक पाय मग दुसरा पाय असं आलटून पालटून मारतं, लालसरीही वर असताना तेच करते, इथपर्यंत दोघं सारखेच.

पण पाण्यावर वेगाला एक मर्यादा आहे आणि ती स्नायूची नाही, पाण्याची आहे. अंगाच्या लांबीप्रमाणे पुढे एक लाट तयार होते आणि ठराविक वेगानंतर पक्षी स्वतःच्याच लाटेवर चढायला बघतो, तिथून पुढे प्रत्येक पाऊल महाग. प्रँगे आणि श्मिट-नील्सन यांनी १९७० मध्ये मॅलार्ड पाण्याच्या प्रवाहात पोहायला लावून त्यांचा ऑक्सिजन मोजला तेव्हा ही मर्यादा सेकंदाला सुमारे ०.७ मीटर आली, म्हणजे ताशी अडीच किलोमीटर. सगळ्यात परवडणारा वेग त्याहून कमी, ०.५ मीटरच्या आसपास. म्हणून बदक निवांत फिरतं ते त्या वेगाने. तुम्ही काठाने रमत चाललात तरी त्याच्यापुढे जाल. आणि म्हणूनच घाबरलेलं बदक जोरात पोहत नाही, ते एकतर उडतं, नाहीतर पाण्यावर पंख-पाय आपटत पळतं, नाहीतर बुडतं.

बुडण्याचं म्हणाल तर खरी मजा इथे आहे. लालसरीचे पाय अंगाच्या बऱ्याच मागे बसवलेले असतात, पंजे मोठे, आणि मागच्या छोट्या बोटालाही एक पाळ असते जी हळदीकुंकूच्या मागच्या बोटाला नसते. पाय मागे असले की पाण्याखाली जोर सरळ मागून मिळतो, पण जमिनीवर तोल जातो, म्हणून लालसरी काठावर आली तर छाती वर उचलून अडखळत चालते. हळदीकुंकूचे पाय मधोमध, ते शेतातून आरामात फिरतं, दाणे टिपतं, बांधावर उभं राहतं.

बुडी मारण्याच्या क्षणाला जवळून बघितलंत तर आधी एक गोष्ट दिसेल, लालसरी बारीक होते. पिसं अंगालगत दाबून त्यातली हवा काढते, पाण्यात थोडी खाली बसते, मग छोटी पुढे उडी, मान कमानीसारखी, आणि गायब. पाण्यावर एक गोल उठतो बस. खाली तिची लढाई खोलीशी नसते, स्वतःच्या हलकेपणाशी असते. पिसांतली हवा, फुप्फुसं, हवेच्या पिशव्या, पोकळ हाडं, म्हणजे उडण्यासाठी जे जे कमावलं ते सगळं तिला वर ढकलत असतं. पंख घट्ट मिटलेले, काम फक्त पायांचं, आणि खाली जाताना ते सहसा दोन्ही एकदम मारले जातात. तळाशी पोचल्यावरही पाय थांबवता येत नाहीत, थांबले की वर. परत येताना मात्र काहीच करावं लागत नाही, ती बुचासारखी आपोआप वर येते.

एवढं कष्टाचं काम श्वास न घेता कसं होतं? पूर्वी असं मानलं जायचं की बुडताना पक्ष्याचं हृदय एकदम मंदावतं आणि स्नायू ऑक्सिजनशिवाय चालतात. ते निष्कर्ष पक्ष्याचं डोकं जबरदस्तीने पाण्यात धरून काढलेले होते. वोक्स आणि बटलर यांनी शेंडी बदकांच्या अंगात छोटे ट्रान्समीटर बसवून त्यांना मनाप्रमाणे बुडू दिलं, त्यांचं काम १९८३ मध्ये छापून आलं, आणि चित्र वेगळंच निघालं. बुडायच्या आधी हृदयाचे ठोके वाढतात, खाली गेल्यावर कमी होतात पण आरामात असतानाच्या ठोक्यांपेक्षा वरच राहतात, आणि ऑक्सिजनचा खर्च आरामाच्या सुमारे साडेतीन पट. म्हणजे पायाचे स्नायू पूर्ण वेळ ऑक्सिजनवरच चालतात, अंगात साठवलेल्या. म्हणून बुड्या लहान असतात, पंधरा-वीस सेकंदांच्या, आणि दोन बुड्यांच्या मधे थोडं थांबून साठा भरून घ्यावा लागतो. मला हे वाचल्यापासून लालसरीची ती मधली विश्रांती बुडीइतकीच बघावीशी वाटते. स्टॉपवॉच लावा, खाली किती सेकंद आणि वर किती सेकंद लिहून काढा, स्नायूंचा हिशोब तुमच्या वहीत उतरत जातो, पक्ष्याला हातही न लावता.

हळदीकुंकू बुडतच नाही असं नाही. पिल्लं बुडतात, जखमी पक्षी बुडतो, ससाणा मागे लागला तर धडधाकटही बुडतं. पण रोजचं खाणं ते वरूनच घेतं, शेपूट वर करून, पाय वल्ह्यासारखे हलवत तोल सांभाळत. तेही छान दिसतं, पण त्यात स्नायूंची कसोटी लागत नाही.

आतापर्यंत वाचून लालसरीचं पारडं जड वाटत असेल. तर आता अडचणी. पहिली आणि सगळ्यात मोठी, लालसरी हिवाळ्यात बरंचसं खाणं रात्री करते. दिवसा थवाच्या थवा पाण्याच्या मधोमध पंखात चोच खुपसून झोपलेला असतो. तुम्ही पहाटे निघून दहा वाजता पोचलात तर झोपलेले गोळे बघून परत याल. उजाडता उजाडता किंवा सूर्य कलल्यावर बसावं लागतं. दुसरी, ती काठापासून लांब राहते, ८ बाय ४२ च्या दुर्बिणीतून ओळख पटते पण पंजे कसे चालतात ते दिसत नाही. तिसरी, ज्या बुडीचं एवढं कौतुक केलं ती आपल्याकडच्या गढूळ पाण्यात दिसणारच नाही, फक्त सुरुवात आणि शेवट. चौथी, वारकरी. वारकरी बदक नाही, पाणकोंबड्यांच्या कुळातला आहे, पण तोही पाण्यावरून धावतो, तोही बुडी मारतो, तोही काळपट गोल दिसतो आणि हजारोंनी असतो. लालसरी म्हणून नोंद करण्याआधी पांढरी चोच आणि कपाळावर पांढरा पट्टा आहे का ते बघा, असेल तर तो वारकरी, त्याच्या पायाला पडदा नसतो, बोटांना वेगवेगळ्या पाळ्या असतात, म्हणजे पोहण्याची यंत्रणाच वेगळी.

आणि हळदीकुंकूकडे एक गोष्ट आहे जी लालसरी तुम्हाला इथे कधीच दाखवू शकत नाही. ते वर्षभर इथे असतं. पावसाळ्यात आणि त्याच्या पाठोपाठ त्याची वीण होते. पिल्लं अंड्यातून निघाल्यावर दिवसभरात पाण्यात पोहायला लागतात, पाय तयार, पंख मात्र नुसते टुंड. मॅलार्डच्या पिल्लांवर हे नीट बघितलं गेलंय, पायाचे स्नायू सुरुवातीपासून कामाला लागतात आणि छातीचे स्नायू कितीतरी उशिरा, अगदी उडायच्या तोंडावर झपाट्याने भरतात. मॅलार्डचं पिल्लू उडायला ५० ते ६० दिवस घेतं. एकाच पक्ष्यात आधी पोहणं आणि मग उडणं, असं टप्प्याटप्प्याने दिसतं, आणि हे बघायला टेलिस्कोप लागत नाही, गावचा पाझर तलाव पुरतो.

विणीनंतर तर आणखी मोठं प्रकरण. बदकं उडण्याची पिसं एकेक करून टाकत नाहीत, सगळी एकदम टाकतात, आणि तीन ते पाच आठवडे उडूच शकत नाहीत. हंसांवर झालेल्या अभ्यासात असं आढळलंय की या काळात छातीचे स्नायू आकसतात आणि पायाचे वाढतात, नवीन पिसं येत आली की छाती परत भरते. व्यायाम केला म्हणून नव्हे, शरीर आपणहून ही अदलाबदल करतं. लालसरी ही कात टाकते ती तिकडे उत्तरेत, इथे येईपर्यंत सगळं उरकलेलं असतं. हळदीकुंकूचं हे सगळं आपल्या डोळ्यांसमोर होतं, फक्त त्या दिवसांत ते लव्हाळ्यात दडून राहतं आणि चटकन दिसत नाही. तेव्हा वेळ द्यावा लागतो.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात, कारण कुणीतरी विचारणारच. तलवार बदक देखणं, पंख लांब टोकदार, उडताना डौल त्याचाच, पण स्नायूंचा मुद्दा हळदीकुंकूसारखाच. चक्रांग इतकं लहान आणि चपळ की उड्डाण डोळ्यात मावत नाही, स्लो मोशनशिवाय व्यर्थ. थापट्या नवशिक्यांना ओळखायला सर्वांत सोपा, चोचीमुळे, पण तो दिवसभर पाणी गाळत बसतो. अडई झाडावरही बसते, पंख रुंद गोलसर, उडणं तुलनेने संथ, गोव्यात करमळीच्या तळ्यावर भरपूर, लहान मुलांना दाखवायला उत्तम. चक्रवाक हा वेगळाच विषय आहे, सॅटेलाइट ट्रान्समीटर लावलेल्या चक्रवाकांची हिमालय ओलांडतानाची उंची ६८०० मीटरपर्यंत नोंदली गेलीय. तिथल्या विरळ हवेत छाती चालवायला स्नायूंत काय काय लागतं हे पट्टकादंब हंसात तपासलंय, त्याच्या छातीत केशवाहिन्या जास्त दाट आणि मायटोकॉन्ड्रिया तंतूच्या कडेला, रक्ताच्या जवळ सरकलेले. पण उंचावर काय होतं ते आपल्याला भिगवणच्या काठावरून दिसत नाही, तिथे चक्रवाक आपला शांतपणे चिखलात चालत असतो.

जागेचं म्हणाल तर हळदीकुंकूसाठी उथळ पाणी, काठाला गवत, मधे मधे बेटं. निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर, महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरवलेली पाणथळ जागा, हे दोन्हीसाठी चालतं, मनोऱ्यांवरून आरामात बघता येतं आणि पक्ष्यांना त्रास होत नाही. उजनीचं बॅकवॉटर आणि जायकवाडीचा नाथसागर इथे लालसरीची शक्यता चांगली, पाणी मोठं आहे. विदर्भातल्या लोकांनी तर तक्रारच करू नये, भंडारा-गोंदियातले जुने मालगुजारी तलाव म्हणजे दोन्ही गटांची मेजवानी आहे.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. उड्डाणाचा फोटो हवा म्हणून होडी थव्यात घालायला सांगू नका. मी हे वारंवार बघितलंय, होडीवाल्याला सांगितलं जातं की जवळ घे, उडव, आणि दोनशे पक्षी एकदम उठतात आणि लेन्सवाले खूश. वर जे सगळं लिहिलंय ते एकदा या नजरेने वाचा. उड्डाणाचा पहिला सेकंद हा त्या शरीराचा सगळ्यात महाग सेकंद आहे. लालसरीसाठी तर धाव आणि उड्डाण दोन्हीचा खर्च, दिवसा झोपून रात्री खाणाऱ्या पक्ष्याची झोप मोडून, ज्या चरबीवर तिला मार्चमध्ये परत जायचंय ती आपण एका फोटोसाठी जाळायला लावतो. विणीनंतर पिसं गळलेल्या हळदीकुंकूला तर उडताच येत नाही, ते नुसतं घाबरून पाणी आपटत पळतं आणि कुत्र्यांच्या तोंडी जातं. थवा स्वतःहून उठतोच दिवसातून चार-पाच वेळा, दलदली हारिण हा शिकारी पक्षी आला, ससाणा आला, म्हशी पाण्यात उतरल्या. कॅमेरा तयार ठेवून बसा, मिळतो फोटो. आणि पकडून, मारून बघण्याचा तर प्रश्नच येत नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे. कॉलेजवाल्यांना स्नायू हातात घेऊन बघायचेच असतील तर पाळीव बदक चिकन-मटणवाल्याकडे मिळतं, त्याच्या छातीचे दोन थर वेगळे करा, खालच्या छोट्या स्नायूची पांढरी कंडरा खांद्यापर्यंत शोधत जा आणि स्नायू हळूच ओढून बघा, पंख वर येतो. अर्ध्या तासाचं काम आहे आणि पुस्तकातल्या दहा आकृत्यांपेक्षा जास्त शिकवतं.

तर निवड कशी कराल. शाळेची मुलं, पहिलं वर्ष, घराजवळचं पाणी, किंवा वर्षभर थोडं थोडं जायला जमणारे, यांनी हळदीकुंकू. फोटोग्राफी मुख्य असेल तरीही हळदीकुंकूच, उभं उड्डाण जवळून मिळतं. डिसेंबर-जानेवारीतले काही मोजके रविवारच हातात आहेत, बसून मोजायची, लिहायची सवय आहे, आकडे आवडतात, तर लालसरी. दोघं मिळून प्रोजेक्ट करताय तर एकाने एक धरा आणि उड्डाणाचे व्हिडिओ शेजारी शेजारी लावा. स्केचवाल्यांनी आधी हळदीकुंकूचं चालणं काढावं, घोटा आणि गुडघा कुठे असतो ते हाताला बसलं की मग लालसरीचे मागे सरकलेले पाय आपोआप बरोबर येतात.

लालसरी ठरली तर उशीर करू नका, फेब्रुवारीच्या शेवटी थवे विरळ व्हायला लागतात. हळदीकुंकू ठरलं तर मार्चनंतर वही बंद करू नका, उन्हाळ्यात पाणी आटलं की ती कुठे सरकतात ते बघून ठेवा, कारण पावसाळ्यानंतर पिल्लं घेऊन ती जिथे दिसतील ते तळं तुम्हाला आधीच माहीत असलं पाहिजे.